साडेदहा मिलिग्रॅमचा फरक : रॅले यांच्या नायट्रोजनचे प्रकरण

काचेचा एकच चंबू, भोवती वितळणारा बर्फ, दाब ठरलेला आणि आत नायट्रोजन. नोव्हेंबर १८९३ ते फेब्रुवारी १८९४ या काळात भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी इंग्लंडमधल्या टर्लिंग इथल्या आपल्या घरच्या प्रयोगशाळेत या चंबूत मावणाऱ्या नायट्रोजनची पंधरा वजने नोंदवली. सात वेळा नायट्रोजन हवेतून मिळवला होता, म्हणजे हवेतला ऑक्सिजन काढून टाकल्यावर जे उरले ते. ती वजने ग्रॅममध्ये अशी आहेत:

२.३१०१७, २.३०९८६, २.३१०१०, २.३१००१, २.३१०२४, २.३१०१०, २.३१०२८

उरलेल्या आठ वेळा नायट्रोजन संयुगांतून मोकळा केला होता. नायट्रिक ऑक्साइडपासून चार:

२.३०१४३, २.२९८१६, २.३०१८२, २.२९८९०

नायट्रस ऑक्साइडपासून दोन, २.२९८६९ आणि २.२९९४०. अमोनियम नायट्राइटपासून दोन, २.२९८४९ आणि २.२९८८९.

प्रयोगशाळेतल्या आकड्यावर किती आणि कशासाठी विश्वास ठेवायचा, हे समजावून द्यायला मला याहून चांगले प्रकरण माहीत नाही. आकडे मोजके आहेत, कागद-पेन्सिलने तपासता येतात. शिवाय दोन संचांपैकी जो जास्त भरवशाचा दिसतो, तोच नायट्रोजनची घनता म्हणून चुकीचा आहे.

आधी साधा हिशेब करू. हवेतल्या नायट्रोजनच्या सात वजनांची सरासरी २.३१०११ ग्रॅम येते आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप, ०.१४ मिलिग्रॅम. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यात अर्ध्या मिलिग्रॅमचेही अंतर नाही. संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनची सरासरी २.२९९४७ ग्रॅम आणि प्रमाण विचलन १.४ मिलिग्रॅम, म्हणजे विखुरलेपण दहापट. दोन सरासऱ्यांमध्ये १०.६ मिलिग्रॅमचा फरक आहे. दोन्ही गट एकमेकांत कुठेही मिसळत नाहीत: हवेच्या गटातला सर्वांत हलका आकडा आणि संयुगांच्या गटातला सर्वांत जड आकडा यांच्यामध्येही ८ मिलिग्रॅमची मोकळी जागा उरते.

आता कल्पना करा की कुणी या पंधरा आकड्यांची एकत्र सरासरी काढली. ती २.३०४४ ग्रॅम येईल आणि सापेक्ष प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या टक्केवारीत मांडलेले विचलन, ०.२४ टक्के. औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर एकाच स्टँडर्डची (ठाऊक प्रमाणाच्या नमुन्याची) पाच-सहा इंजेक्शने दिली की २ टक्क्यांपर्यंतचा आर.एस.डी., म्हणजे हेच सापेक्ष प्रमाण विचलन, सर्रास चालतो. त्या निकषावर हा निकाल झोकात उत्तीर्ण होतो. पण २.३०४४च्या आसपास एकही मोजमाप नाही, आणि निसर्गात या आकड्याचा कुठला वायूही नाही. विचलनाची टक्केवारी मर्यादेत बसली म्हणून आकड्यांची आपसातली मांडणी न पाहता अहवालावर सही करण्याची पद्धत मला याच कारणाने धोकादायक वाटते. पंधरा ठिपके एका रेषेवर मांडले असते तरी दोन पुंजके उघड्या डोळ्यांना दिसले असते.

रॅले या वाटेला का लागले, ते थोडक्यात. सगळ्या मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असावेत, असे रसायनशास्त्रज्ञ प्राउट यांनी १८१५ मध्ये सुचवले होते. ते खरे की खोटे ठरवायचे तर वायूंच्या घनता फार काटेकोर मोजायला हव्यात, आणि १८८०च्या दशकापासून रॅले यांनी हेच काम हाती घेतले. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या घनतांचे गुणोत्तर १६ न येता १५.८८च्या आसपास आले. त्यानंतर पाळी नायट्रोजनची.

वजनाची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे, कारण फरकावर विश्वास ठेवायचा की नाही ते तिथेच ठरते. चंबू सुमारे १.८ लिटरचा. तो हवेत तोलायचा म्हटले की त्याच्या आकारमानाइतकी बाहेरची हवा त्याला वर उचलून धरते, आणि त्या हवेचे वजन आतल्या वायूच्या वजनाइतकेच, सव्वादोन ग्रॅमच्या घरात असते. बॅरोमीटर जरा हलला की तराजूवरचा आकडाही हलणार. म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ रेन्यो यांनी दाखवलेल्या रीतीप्रमाणे दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकारमानाचा बंद चंबू टांगत. हवेचा परिणाम दोन्हीकडे सारखा होऊन निघून जाई. यातही एक बारकावा रेन्यो यांच्या नजरेतून सुटला होता, तो रॅले यांनी १८८८ मध्ये हेरला. आतली हवा पूर्ण काढली की बाहेरच्या दाबाने काचेचा चंबू किंचित आक्रसतो, कमी हवा बाजूला सारतो आणि रिकामा असताना आहे त्यापेक्षा जड भासतो. परिणामी वायूचे वजन कमी भरते. ही चूक दर वेळी त्याच दिशेने आणि तेवढीच होते, त्यामुळे शंभर वेळा वजन केले तरी आकड्यांच्या विखुरण्यात तिचा मागमूस लागत नाही. आक्रसलेला चंबू वेगळा मोजला तेव्हाच ती सापडली.

असल्या चुका नायट्रोजनच्या एखाद्या एकट्या वजनाला बाधक असतात. दोन नायट्रोजनांमधल्या फरकाला मात्र त्यांचा उपद्रव जवळजवळ होत नाही. चंबू तोच, तराजू तोच, बर्फ तोच. चंबूचे आकारमान चुकले असेल तर दोन्ही बाजूंना सारखेच चुकले. म्हणून १०.६ मिलिग्रॅमचा आकडा २.३१०११ या आकड्यापेक्षा जास्त खात्रीचा आहे. कुठल्याही निकालाकडे पाहताना मी आधी हे शोधते की प्रश्न निरपेक्ष किमतीचा आहे की तुलनेचा, कारण दोन्हींची विश्वासार्हता वेगवेगळ्या गोष्टींवर उभी असते.

तापमान आणि दाबातल्या चुकीने एवढा फरक पडू शकेल का, हेही पाहता येते. शून्य अंशाजवळ तापमान ०.१ अंशाने चुकले तर या चंबूतल्या वायूच्या वजनात ०.८ मिलिग्रॅमचा फरक पडतो. १०.६ मिलिग्रॅमसाठी सव्वा अंशाची चूक हवी, किंवा दाबाच्या मापनात पाऱ्याच्या साडेतीन मिलिमीटरांची. तीही दर वेळी, फक्त एकाच प्रकारच्या नायट्रोजनच्या बाबतीत आणि एकाच दिशेने. हवेच्या सात वजनांत मिळून अर्ध्या मिलिग्रॅमचेही अंतर नसताना असे घडणे शक्य नाही. पुनरावृत्तीतला नेमकेपणा इथे खरा उपयोगी पडतो: कोणत्या चुका मोठ्या असूच शकत नाहीत, ते तो सांगतो. कोणत्या असू शकतात, ते मात्र सांगत नाही.

हा फरक पहिल्यांदा दिसला तेव्हा इतका ठळक नव्हता. १८९२ मध्ये रॅले यांनी दोन रीतींनी नायट्रोजन मिळवला. पहिली रीत रसायनशास्त्रज्ञ हारकोर्ट यांची: हवा अमोनियाच्या द्रावणातून बुडबुड्यांनी न्यायची आणि मग लालबुंद तांब्यावरून सोडायची. अमोनियातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला घेऊन पाणी होतो आणि नायट्रोजन उरतो. दुसरी रीत जुनी: अमोनिया नाही, हवा सरळ तापलेल्या तांब्यावरून न्यायची. दोन्हींची वजने जुळली नाहीत. अंतर हजारात एका भागाच्या आसपास होते. रॅले यांनी सप्टेंबर १८९२ मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांकडे कारण विचारले.

हजारात एक म्हणजे सव्वादोन मिलिग्रॅम. दुसरे कुणी तो फरक प्रयोगाच्या चुकीत जमा केला असता. तसे करायला पुरेशी जागाही होती: दोन रीती, दोन वेगळे अभिकारक, रासायनिक शुद्धीकरणाच्या शंभर भानगडी. रॅले यांनी पुढे जे केले त्यासाठी मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. त्यांनी फरक मिटवण्याऐवजी वाढवायचा प्रयत्न केला. अमोनियाच्या रीतीत मिळणाऱ्या नायट्रोजनपैकी सुमारे एक सप्तमांश अमोनियातून येतो आणि बाकीचा हवेतून. मग हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनच अमोनियातून नेला तर? सगळा नायट्रोजन अमोनियाचा. फरकाचे कारण नायट्रोजनच्या उगमात असेल तर तो काही पटींनी वाढायला हवा. कारण तराजूत, चंबूत किंवा नळ्यांत असेल तर वाढायचे कारण नाही. फरक वाढला, आणि दोनशेत एका भागावर गेला. चूक कुठे आहे हे ठाऊक नसतानाही ती कशाबरोबर वाढते हे पाहता येते. रॅले यांनी पुढे एका व्याख्यानात हेच सांगितले होते की विसंगती दिसली की ती घालवण्याकडे आपला पहिला ओढा असतो, पण तसे करणे चूक ठरते. लहान विसंगती मोठी करून तिचे कारण शोधावे.

मग संशयितांची चौकशी. हवेतल्या नायट्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन शिल्लक राहिला असेल का? ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जेमतेम एक सप्तमांशाने जड. एवढा फरक पडायला वायूत तिसात एक भाग ऑक्सिजन हवा, आणि इतका ऑक्सिजन कुठल्याही साध्या चाचणीत सापडल्याशिवाय राहणार नाही. संयुगांतून आलेल्या नायट्रोजनमध्ये हलका हायड्रोजन मिसळलेला असेल का? हा संशय जास्त गंभीर, कारण अर्धा टक्का हायड्रोजन पुरेसा होता. रॅले यांनी जड नायट्रोजनमध्ये मुद्दाम हायड्रोजन घातला आणि तो नेहमीच्या शुद्धीकरणातून नेला. तापलेल्या कॉपर ऑक्साइडने हायड्रोजन काढून टाकला, वजन होते तिथे परत आले. नमुन्यात ठाऊक असलेली भर घालून पद्धत तपासण्याची ही रीत आजही प्रत्येक चांगल्या विश्लेषण प्रयोगशाळेत वापरतात, तिला आपण स्पाइक देणे म्हणतो. संयुगांतून सुटताना नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू उरत असतील का? दोन्ही नायट्रोजनांतून मूक, म्हणजे ठिणगी न पडणारे, विद्युत्‌ विसर्जन सोडले, वजने बदलली नाहीत. हलका नायट्रोजन आठ महिने साठवून ठेवला, तरी तो जड झाला नाही.

या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला पुढचा वाटतो, आणि तो बहुतेक वर्णनांत घाईने उरकला जातो. हवेतला ऑक्सिजन काढायला रॅले यांनी एकच रीत वापरली नव्हती. १८९२ मध्ये तापलेले तांबे वापरले, चंबूतले वजन २.३१०३ ग्रॅम. १८९३ मध्ये तापलेले लोखंड, २.३१००. १८९४ मध्ये ओले फेरस हायड्रॉक्साइड, तेही न तापवता, २.३१०२. तीन वेगळी रसायने, एक रीत तर पूर्ण थंड, आणि तिन्हींमध्ये ०.३ मिलिग्रॅमचे अंतर. पुनरावृत्ती उत्तम, स्वतंत्र पद्धतींचा मेळ उत्तम. आज एखाद्या प्रमाणीकरणाच्या कागदपत्रांत हे आकडे आले तर तपासनीस खूश होईल. तरीही तिन्ही आकडे नायट्रोजनचे नाहीत, कारण तिन्ही रीती जिथून सुरू होतात ती वस्तू एकच आहे, हवा. ऑक्सिजन काढण्याच्या टप्प्यावर त्या स्वतंत्र होत्या. ‘ऑक्सिजन काढला की उरतो तो नायट्रोजन’ या गृहीतकापुरत्या तिन्ही एकच रीत होत्या.

याउलट दुसरी बाजू पाहा. नायट्रिक ऑक्साइड २.३००१, नायट्रस ऑक्साइड २.२९९०, अमोनियम नायट्राइट २.२९८७, युरिया २.२९८५. इथे १.६ मिलिग्रॅमचे अंतर आहे, दिसायला गबाळे. पण यातला प्रत्येक आकडा वेगळ्या रेणूतून आला आहे. प्रत्येकात मिसळू शकणारी अशुद्धी वेगळी, चुकण्याच्या वाटा वेगळ्या. एवढ्या वेगळ्या वाटांनी येऊनही चारही आकडे हवेच्या आकड्यापासून दूर आणि एकमेकांजवळ आहेत. माझ्या मते हा गबाळा मेळ त्या देखण्या मेळापेक्षा जास्त वजनाचा पुरावा आहे. विखुरलेपण मोजून हे कळत नाही. पद्धतींमध्ये काय काय सामाईक आहे याची यादी करावी लागते.

आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिकापासून टायट्रेशनमध्ये ब्युरेटची रीडिंगे जुळली की ‘सी.बी.आर.’ (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे स्थिर वाचन) लिहायचे, ही सवय लागते. सवय चांगली आहे. पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने बाटलीत राहून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर रीडिंगे तशीच सुरेख जुळतील आणि उत्तर तसेच सुरेख चुकेल. मोठ्या प्रमाणावरही हेच होते. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आंतरप्रयोगशाळा तुलनेत भाग घेतात, तेव्हा सगळ्यांचे आकडे जुळले की समाधान वाटते. सगळ्यांनी एकाच पुरवठादाराचे, एकाच लॉटचे स्टँडर्ड वापरले असेल, तर ते समाधान हवेच्या तीन आकड्यांइतकेच आहे. तुलनेच्या अहवालात स्टँडर्ड कुठून आले याचा रकाना निकालाइतक्याच गांभीर्याने वाचला जावा, असे मला मनापासून वाटते.

१९ एप्रिल १८९४ रोजी रॅले यांनी आपले आकडे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. युनिव्हर्सिटी कॉलेजचे विल्यम रॅम्झी यांनी काम पुढे नेण्याची तयारी दाखवली. त्यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजन खाते. उरलेला वायू दर फेरीला कमी आणि अधिक जड होत गेला. शेवटी हायड्रोजनच्या तुलनेत त्याची घनता २०च्या जवळ पोहोचली, नायट्रोजनची १४ असते. रॅले यांनी अगदी वेगळी वाट धरली, हेन्री कॅव्हेंडिश यांची १७८५ची. कॅव्हेंडिश यांनी हवेत जास्तीचा ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या होत्या आणि तयार होणारी संयुगे अल्कलीत विरघळवली होती. शेवटी एक लहानसा बुडबुडा उरला, तो कशानेच जाईना. तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले. आपण आज जाणतो की खरे प्रमाण चौऱ्याऐंशीत एक भाग आहे. बुडबुड्याएवढ्या वायूवर, अठराव्या शतकातल्या साधनांनी काढलेला हा अंदाज परिमाणाच्या दृष्टीने बरोबर होता, आणि एकशेनऊ वर्षे त्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

१३ ऑगस्ट १८९४ रोजी ब्रिटिश असोसिएशनच्या ऑक्सफर्ड इथल्या सभेत रॅले आणि रॅम्झी यांनी नव्या वायूची घोषणा केली. आळशी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला आर्गॉन नाव मिळाले, आणि सविस्तर निबंध ३१ जानेवारी १८९५ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. शंका घेणारे थोडेथोडके नव्हते. हा नवा वायू नसून नायट्रोजनचेच तीन अणू जुळून झालेला रेणू असावा, असे काहींना वाटले, मेंडेलीव्ह यांचाही कल तिकडेच होता. आक्षेप वाजवी होता: ठिणग्या आणि तापलेले मॅग्नेशियम यांनी नायट्रोजनचे रूप पालटले नसेल कशावरून?

या आक्षेपाला मिळालेली उत्तरे मला मूळ शोधाइतकीच मोलाची वाटतात, कारण प्रत्येक प्रयोग नेमक्या त्या शंकेवर रोखलेला आहे. रसायन आणि उष्णता दोन्ही टाळायची म्हणून हवा तंबाखू ओढायच्या मातीच्या लांब नळ्यांमधून सावकाश नेली. हलका वायू भिंतींच्या छिद्रांतून लवकर निसटतो, जड मागे राहतो. मागे राहिलेल्या हवेतून काढलेला नायट्रोजन नेहमीच्या हवेतल्या नायट्रोजनपेक्षा जड भरला. म्हणजे जड घटक हवेत आधीपासून होता. उलट दिशेनेही तपासले: मॅग्नेशियमने शोषलेला नायट्रोजन अमोनियात बदलून पुन्हा मोकळा केला, तेव्हा हवेतूनच आलेला असूनही तो हलका भरला. शिवाय आर्गॉनमधल्या ध्वनीच्या वेगावरून विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.६६ निघाले. ते एकाच अणूच्या रेणूचे लक्षण आहे, तीन अणूंच्या रेणूला ते शोभत नाही. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकीचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता सुरुवातीच्या पंधरा आकड्यांचा हिशेब आजच्या किमतींनी मिटवू. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के आणि आर्गॉन ०.९३ टक्के. म्हणजे हवेतल्या ‘नायट्रोजन’मध्ये १.१८ टक्के आर्गॉन होता. आर्गॉन नायट्रोजनपेक्षा ४२.६ टक्के जड आहे. गुणाकार केला की हवेतला नायट्रोजन ०.५० टक्के जड असायला हवा. पंधरा आकड्यांवरून फरक ०.४६ टक्के येतो, थोडा कमी. नायट्रिक ऑक्साइडचे चार आकडे बाजूला ठेवले तर ०.४९ टक्के. म्हणजे त्या चारांतले २.३०१४३ आणि २.३०१८२ हे दोन आकडे सरासरी वर ओढत होते. हे आज सांगणे सोपे आहे. रॅले यांच्याजवळ खरे उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते आकडे न गाळता छापले, म्हणूनच आपल्याला ही तपासणी करता येते. गैरसोयीचे रीडिंग वहीतून खोडणाऱ्याच्या आकड्यांवर सव्वाशे वर्षांनी कुणाला असा हिशेब मांडता येणार नाही.

याच तराजूची मर्यादाही सांगितली पाहिजे. १८९८ मध्ये रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हवेतच निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधले. निऑन हवेत दहा लाखांत सुमारे १८ भाग असतो, क्रिप्टॉन जेमतेम एक. रॅले यांच्या चंबूतल्या २.३ ग्रॅमवर निऑनचा परिणाम मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाएवढा होतो आणि क्रिप्टॉनचा त्याच्याही निम्मा. हवेच्या सात वजनांचे विचलन ०.१४ मिलिग्रॅम होते, म्हणजे हे वायू त्या विखुरण्यात पूर्ण बुडालेले होते. शिवाय निऑन नायट्रोजनपेक्षा हलका आणि क्रिप्टॉन जड, त्यामुळे दोन्ही परिणाम काही प्रमाणात एकमेकांना खातात. वजनाची संख्या कितीही वाढवली असती तरी या रस्त्याने ते हाती लागण्यासारखे नव्हते. त्यासाठी हवा द्रवरूप करून तिचे भाग उकळत्या तापमानानुसार वेगळे काढावे लागले.